सिस्टर, आईच्या गोळ्या पूर्ण झाल्या

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं कॉन्व्हेंटमध्ये कळलं. नवा पत्ता हाती नाही, म्हणून इथंच लिहितोय. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

निपाणीत जन्मभर विड्या वळलेल्या बाईचा खोकला कुणी मनावर घेत नाही. तंबाखूची धूळ म्हणायचं आणि सोडून द्यायचं. तुम्ही गल्लीत दुसऱ्याच कुणाच्या ड्रेसिंगला आला होता. आईचा खोकला ऐकून उंबऱ्यात थांबलात आणि बेडका तपासायला तिला स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन गेलात. टीबी निघाला.

खरी कसोटी पुढंच होती. गोळ्या ६ महिन्यांच्या. सुरुवातीलाच लघवी तांबडी झाली म्हणून आईनं धसका घेतला. त्यातल्या रिफाम्पिसिननं तसं होतंच, हे तुम्ही समजावलंत. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंग धरलं, तशी ती म्हणाली, "आता बरं वाटाय लागलंय, गोळ्या कशाला?" तुम्ही विड्यांचं सूप बाजूला सारून तिच्यासमोर फरशीवर बसलात. "आक्का, आत्ता सोडल्या तर रोग परत येणार. मग तो ह्या गोळ्यांना ऐकणार नाही." सकाळी तुळशीला पाणी घातलं की गोळ्या, हा नेमही तुम्हीच लावून दिलात. "धर्म बदलायला लावतील हं" असं कुजबुजणारे होतेच. आईच्या गळ्यातली माळ आहे तिथंच आहे.

टीबीच्या पेशंटला खुराकासाठी सरकार देतं ते निक्षय योजनेचे महिन्याचे १००० रुपये खात्यावर पडेनात, तेव्हा बँकेचा कागद कन्नडमधला. आम्ही इथलेच, तरी एकमेकांची तोंडं बघत बसलो. आणि केरळहून आलेल्या तुम्ही तो वाचून, मराठीत समजावून, भरूनही दिलात. सीमाप्रश्नावर मी याहून जास्त बोलत नाही.

गल्लीत अजून तुम्हाला "मदर तेरेसांच्या बाई" म्हणतात. मदर तेरेसांनी १९५० साली कोलकात्यात काढलेल्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या साडीला निळे काठ असतात, तुमची संस्था निराळी, हे सांगून मी थकलो.

घरच्या सगळ्यांना तपासून घ्या, हा आग्रहही तुमचाच. धाकटीच्या प्रतिबंधक गोळ्याही संपल्या. ती आता शाळेत जाते.

आमच्याकडं तुम्ही चहापलीकडं कधी काही घेतलं नाहीत. निपाणीकडं आलात तर जेवूनच जायचं, असं आईनं मुद्दाम लिहायला सांगितलंय.

तुमचा,
आक्कांचा थोरला