पगाराचे आकडे लिहून ठेवणारी बाई

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत जपानी आत्मकथनात्मक कादंबरीवर आलेला लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे, त्याबद्दल दुमत नाही. तायामा काताईची ‘फुतोन’ (१९०७) आली, पुतणीशी असलेले संबंध वर्तमानपत्रातल्या क्रमशः कादंबरीत जगजाहीर करणारा शिमाझाकी तोसोन आला, शिगा नाओया आला. ओसामू दाझाईने तर अर्धे पान व्यापले. १९४८ साली तामागावा कालव्यात त्याने दिलेला जीव, बरोबर बुडालेली बाई, सगळे तपशीलवार. कादंबरीकार फुमिको हायाशी मात्र एका ओळीतही नाही.

माझी उभी नोकरी पगारपत्रके करण्यात गेली. त्यामुळे असेल, पण हायाशीचे ‘होरोकी’, म्हणजे भटकंतीची रोजनिशी, इंग्रजीतून वाचताना माझी नजर तिच्या कवितांपेक्षा आकड्यांवर जास्त रेंगाळली. लहानपणी आई आणि सावत्र बाप फेरीवाले. क्यूशूच्या कोळसाखाणींच्या भागात, नोगाता गावात, ही पोर एका सेनला (शंभर सेनचा एक येन) एक याप्रमाणे सारण भरलेले गोड पाव विकत हिंडायची. पुढे तोक्योत सेल्युलॉइडच्या कारखान्यात रंगकाम, रोज ७५ सेन. मुलींच्या केसांत लावायची फुलपाखरे रंगवायची. आपण रंगवलेली फुलपाखरे एव्हाना कुठे कुठे पोचली असतील, असा विचार ती करते, आणि लगेच पुन्हा पोटाच्या काळजीला लागते. कॅफेतली वेट्रेस, घरकाम, जे मिळेल ते.

यातली एक नोकरी तर थेट आपल्या लेखाच्या विषयातलीच आहे. चिकामात्सू शुको हा त्या काळचा नावाजलेला आत्मकथनकार. सोडून गेलेल्या बायकोला पत्र लिहावे तसे लिहिलेले त्याचे १९१० सालचे पुस्तक गाजलेले. त्याच्या घरी हायाशी मोलकरीण होती. दोन आठवड्यांहून थोडे जास्त काम केले आणि निघताना तिच्या हाती कागदाची पुडी आली. बाहेर पडून उघडते तर आत दोन येन! कारखान्याच्या दराने चौदा दिवसांचे साडेदहा येन झाले असते. जेवणखाण, राहणे वजा केले तरी हा हिशेब बसत नाही, हे मी तीस वर्षे कपाती मांडलेल्या हाताने सांगते. बायकोच्या विरहावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या माणसाच्या घरात ही मुलगी कशी राबली, हे आपल्याला कळते ते तिने लिहून ठेवले म्हणून.

लेखात म्हटले आहे की या लेखकांनी स्वतःला पणाला लावले. लावले असेलही. पण काय पणाला लावले, ते पाहावे लागते. दाझाई कानागीच्या बड्या जमीनदाराचा मुलगा, वडील संसदेच्या वरच्या सभागृहात. घरच्या पैशाची लाज बाळगायला आधी घरी पैसा असावा लागतो. गरिबीवर लिहिणारे पुरुष नव्हते असे नाही, पण कबुली म्हटली की ती बहुतेक वेळा पापाची, वासनेची, बायकोवरच्या अन्यायाची असायची. हायाशी कबूल काय करते? भूक लागली आहे. पुरुषाने फसवले त्याचे दुःख आहेच, पण भातही हवा आहे. आत्मकथनातला ‘मी’ रात्री काय जेवला, हा प्रश्न तिच्यामुळे कादंबरीत ठळकपणे आला, असे माझे मत आहे.

वाचकांना ते लगेच उमगले. ‘न्योनिन गेईजुत्सू’ या बायकांच्या मासिकात १९२८ पासून क्रमशः, १९३० मध्ये पुस्तक, आणि खप लाखांच्या घरात. मंदीचे दिवस होते, हेही एक कारण. मिळालेल्या पैशांतून बाई सैबेरियामार्गे रेल्वेने पॅरिसला गेली, तीही तिसऱ्या वर्गाने. पुढे १९४१ साली तोक्योत घर बांधले, तेव्हा तिचा आग्रह असा की, पाहुण्यांच्या खोलीवर खर्च नको. स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचालय आणि रोज बसायची खोली यांवर सढळ हाताने करा. युद्धकाळात घराच्या आकारावर मर्यादा होती, म्हणून एक भाग तिच्या नावावर आणि दुसरा नवऱ्याच्या नावावर. पक्की व्यवहारी! हे घर आज शिंजुकूत स्मारक म्हणून जपलेले आहे.

आता तिची बाजू घेतली म्हणून पुढचे झाकणार नाही. चीन-जपान युद्धात, १९३७ च्या शेवटी, ती वार्ताहर म्हणून नानकिंगला गेली. १९३८ मध्ये सरकारने लेखकांचे पथक चीनच्या आघाडीवर पाठवले, त्यातही ती होती, आणि हानकौ या चिनी शहरात शिरलेली पहिली जपानी स्त्री म्हणून तिचा मोठा गाजावाजा झाला. उपाशी माणसाची नजर असलेल्या बाईला ज्यांची गावे उजाड झाली ते चिनी लोक दिसले नाहीत, किंवा दिसूनही तिने सैनिकांचेच कौतुक लिहिले. हे मला आजही पचत नाही. युद्धानंतरच्या ‘उकिगुमो’त तिने पराभवातून परतलेली, कुठेच ठिकाणा नसलेली माणसे रंगवली. कादंबरी मोठी आहे, पण त्याने आधीचा जमाखर्च मिटत नाही.

२८ जून १९५१ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने ती गेली. आदल्या संध्याकाळी एका मासिकासाठी खाद्यभ्रमंतीवर लिहायचे म्हणून बाहेर जेवून आली होती. वर्तमानपत्रात चालू असलेली कादंबरी अर्धी राहिली. तिचे नाव ‘मेशी’, म्हणजे जेवण. अंत्यविधीला यासुनारी कावाबाता या कादंबरीकाराने जमलेल्यांना विनवले की, लेखन टिकवण्यासाठी ती कधी कधी इतरांशी फार वाईट वागली, पण आणखी दोन-तीन तासांत तिची राख होईल, तेव्हा माफ करा. पुरुष लेखकाच्या अंत्यविधीला अशी जाहीर माफी कुणी मागितल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

जपानी माणसांनी तिला केव्हाच आपले केले होते. ‘होरोकी’च्या नाटकात मित्सुको मोरी या नटीने १९६१ ते २००९ या काळात २,०१७ वेळा फुमिको रंगवली. लेखन छापले जाणार हे कळल्यावर नायिका आनंदाने कोलांटी उडी मारते, आणि ती उडी बाईंनी वयाची ऐंशी उलटून गेल्यावरही मारली.

तेव्हा विनंती अशी की, पुरवणीत हायाशीवर स्वतंत्र लेख द्यावा. लेखकाने ‘होरोकी’च्या पहिल्या दोन भागांवर थांबू नये. युद्धाआधी छापणे अवघड होते असा बराच मजकूर तिसऱ्या भागात आहे, आणि तो १९४७ पासून बाहेर आला. तोही धरावा. आणि हानकौचे प्रकरण दोन ओळींत गुंडाळू नये.

आपली,
एक निवृत्त लेखापाल