आईची १९ नंबरची झडप

पुणे

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आईच्या हृदयाची झडप बदलायच्या ऑपरेशनबद्दलचं हे पत्र नेहमीसारखं सोप्यात बसून आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधली एकही ओळ गाळू नका. "झडप जनावराची असते हे तिला सांगू नको गे," असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. रात्रभर विचार केला, पण मला ते जमणार नाही.

आई, तुझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणून मीच सांगते. तुला बसवायची झडप गाईबैलांच्या हृदयाभोवती जो पातळ पडदा असतो, त्याची केलेली असते. दुसऱ्या जातीची झडप डुकराची असते. दोन्ही रसायनात मुरवून निर्जीव आणि टिकाऊ केलेल्या असतात. तिसरी असते कार्बनची. ती झिजत नाही, पण तिच्यासाठी रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि प्रमाण बरोबर आहे का ते बघायला सारखं रक्त तपासावं लागतं. श्रावणात जांबोटीचा रस्ता कसा असतो, तुला ठाऊकच आहे. त्यात न्हाणीत घसरून डोक्याला मार लागला, तर त्या गोळीमुळे रक्त लवकर थांबत नाही. जनावराच्या झडपेला ती गोळी बहुधा पहिले काही महिनेच लागते, पुढे साधी अ‍ॅस्पिरिन. ही झडप दहा-पंधरा वर्षांनी निकामी होऊ शकते, मात्र उतारवयात ती तरुणांपेक्षा सावकाश झिजते. तुझं वय ७६. माझं मत याच झडपेला आहे. पण माळ तुझी आहे. दिंडीतल्या बुवांना विचारावंसं वाटलं तर विचार, आणि मग तुझ्या तोंडानं मला सांग.

आता बाबा, तुमचा प्रश्न. "१९ नंबर म्हणजे लहान पोराची झडप बसवतात काय?" तसं नाही. १९ म्हणजे मिलिमीटर. मोठ्या माणसांच्या झडपांमध्ये हे माप सगळ्यात लहानांपैकी, आणि आईसारख्या बारक्या चणीच्या बायकांना ते पुष्कळदा लागतं. तुमची भीती मात्र खोटी नाही. देहाच्या मानानं झडप लहान पडली, तर हृदयाला जोर लावावाच लागतो. म्हणून मी सर्जनना सरळ हिशेब मांडून दाखवा म्हटलं. या झडपेतून रक्ताला साधारण १.२ चौरस सेंटिमीटर वाट मिळते. आईची उंची १४८ सेंटिमीटर, वजन ४६ किलो, म्हणजे अंगाचं क्षेत्रफळ साधारण १.३८ चौरस मीटर. भागाकार ०.८७ येतो. ०.८५ च्या खाली गेलं की झडप देहाला अपुरी धरतात. म्हणजे आईला ती पुरते, अगदी काठावर का होईना. तीच झडप तुमच्या थोरल्या भावासारख्या धिप्पाड माणसाला घातली असती, तर ०.६ वर आली असती.

झडपेच्या मुळाशी पट्टी शिवून भोक रुंद करता येतं, मग २१ नंबरची बसते. पण तेवढा जास्त वेळ हृदय थांबवून मशीनवर राहावं लागतं. आईला त्याच वेळी एक बायपासही करायचा आहे. तेव्हा तो वेळ वाचवावा, असं सर्जनचं म्हणणं आहे आणि मला ते पटलं. छाती न उघडता मांडीतून झडप घालण्याचंही मी विचारलं होतं. बायपासमुळेच ते मागे पडलं.

ऑपरेशनला धोका आहे, तो मी झाकत नाही. पण निरोगी झडप तीन-चार चौरस सेंटिमीटर उघडते, आईची ०.७ वर आली आहे. चुना साठून घट्ट झालेली झडप औषधानं मोकळी होत नाही. दम आणि चक्कर सुरू झाल्यावर असे बरेच पेशंट दोन-तीन वर्षंसुद्धा काढत नाहीत. आपले एक वर्ष आधीच गेलं. देवळाच्या पायऱ्यांवर आई तीनदा बसली, तेव्हा दाखवलेल्या डॉक्टरांनी छातीला नळीसुद्धा न लावता "वय झालं" म्हणून परत पाठवलं होतं. आणि मीही ते खरं मानलं, आई. त्याचं मला फार वाईट वाटतं.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघते, रविवारी सकाळी बेळगावात उतरेन. संमतीचा फॉर्म कानडीत नाहीतर इंग्रजीत असेल. मी ओळ न् ओळ मराठीत सांगेपर्यंत त्यावर सही करू नका, आणि सही आईचीच असू दे. दात किडलेला असेल तर ऑपरेशनच्या आधी दाखवायचा आहे, नव्या झडपेला त्यातून जंतू लागतात. डाव्या दाढेचं दुखणं आई कुणाला सांगत नाही, मला माहीत आहे.

विहिरीवरून घागर आणायची नाही, आई. पाणी बाबा आणतील.

तुमची,
बाळी