मराठी सिनेमाखाली मराठी अक्षरं हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवा नंबर दीड महिन्यानं काढू, असं डॉक्टर म्हणाले. तोवर जुना चष्मा निरुपयोगी, म्हणजे वाचन बंद. चाळीस वर्षं रोज काही ना काही वाचत आलेल्या माणसाला हे फार जड जातं. तेव्हा यजमान म्हणाले, ‘मी वाचतो, तू ऐक.’

आम्ही सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आणलं. यजमानांची नोकरी वीजकेंद्रात टर्बाइनच्या आवाजात गेली, त्यामुळे त्यांना आता फार कमी ऐकू येतं. स्वतःचा आवाजही नीट कळत नाही म्हणून ते खणखणीत वाचतात. चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनी निवडायची मेथी घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक, की मीठसुद्धा धुऊन घ्यायचं, हे ऐकताना वहिनींच्या हातातली मेथी हातातच राहिली.

वर्गात या पुस्तकातले उतारे मी कितीदा शिकवले, पण ते कानानं कधी ऐकलं नव्हतं. हे पुस्तक ऐकायचंच आहे असं मला आता वाटतं. वाक्य कसं बोलता बोलता आल्यासारखं येतं! आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी, अक्षरओळख लग्नानंतर झालेली, आणि १९३४ साली आपल्या आयुष्याचा पहिला भाग छापून लोकांपुढे ठेवते. १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नवराबायकोची ताटातूट झाली, त्या पानांवर यजमान दोनदा थांबले. पाणी प्यायले आणि पुढे वाचू लागले. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, त्यांना वाचताना असं थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

चष्मा आला. आता परतफेड करायची माझी पाळी, म्हणून एका रविवारी आम्ही घरी ‘श्वास’ लावला. २००४ मध्ये आम्ही तो थिएटरात पाहिला होता, तेव्हा यजमानांचे कान चांगले होते. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या हॉस्पिटलात येतात, पोराला डोळ्यांचा कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असताना हा सिनेमा बघणं मला सोपं गेलं नाही. पण आज लिहायचं आहे ते वेगळंच.

आमच्याकडच्या प्रतीला खाली सबटायटल होती, ती इंग्रजीत. मराठी नव्हतीच. यजमानांना इंग्रजी येतं, गोष्ट त्यांना समजत होती. पण आजोबा नातवाशी कसं बोलतात, कुठल्या शब्दावर अडखळतात, ते इंग्रजीत कुठून यावं? मग मी शेजारी बसून वाक्यं त्यांच्या कानात सांगू लागले. कानात म्हणजे ओरडूनच. या सिनेमाचं सगळं बळ आजोबा झालेल्या अरुण नलावडे यांच्या गप्प बसण्यात आहे. आजोबा गप्प बसले, की मी मागचं वाक्य ओरडून सांगत असायचे. अर्ध्या तासानं यजमान म्हणाले, ‘तू बघ, मी नंतर कधीतरी बघेन.’ आणि आत जाऊन झोपले.

ते मनाला फार लागलं. मला दिसत नव्हतं तेव्हा त्यांचा आवाज माझ्या कामी आला. त्यांना ऐकू येत नाही, त्यावरचा उपाय तर किती साधा आहे! पडद्यावर मराठीतच मराठी लिहायचं.

संवाद मराठीत लिहिलेले असतातच. कोणतं वाक्य कधी दिसायचं, याची वेळ इंग्रजीसाठी लावलेलीच असते. त्या जागी मराठी वाक्यं घालायला कितीसा खर्च येणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पडद्यावरच्या मजकुराची ही सोय सांगितलेली आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सिनेमागृहांत दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. आपलं राज्य दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. त्या अनुदानाला मराठी सबटायटलची अट घालावी, एवढीच माझी मागणी आहे. वाहिन्यांनीही जुने सिनेमे दाखवताना ही सोय करावी.

याचा फायदा कानांनी अधू असलेल्यांपुरता राहणार नाही. दूरदर्शनवर ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’त गाण्यांखाली शब्द येऊ लागले, ते ब्रिज कोठारी यांच्या कल्पनेतून. जे ऐकू येतं तेच डोळ्यांपुढे आलं, की वाचन आपोआप पक्कं होतं, असा त्यांचा विचार होता. माझ्या वर्गातली दोन-तीन मुलं त्या ओळी वहीत उतरवून आणत. धडा वाचताना अडणारी ती मुलं गाण्याची ओळ मात्र बोट न ठेवता वाचायची. माझ्या बहिणीची नातवंडं अमेरिकेत वाढतात. मराठी बोलतात, पण देवनागरी वाचताना थकतात. त्यांच्याही हे उपयोगी पडेल.

यजमानांना आता प्रभातचा ‘संत तुकाराम’ पुन्हा पाहायचा आहे. १९३६ चा सिनेमा. अभंगांची त्यांना अडचण नाही, ते पाठ आहेत आणि विष्णुपंत पागनीसांचे ओठ हलले की त्यांना ओळ कळते. पण जिजाईचं बोलणं कसं कळणार? गौरीबाईंनी रंगवलेली ती जिजाई, तिचा त्रागा आणि तिची माया, सगळं तिच्या बोलण्यातच आहे. म्हणून रोज दुपारी मी एकटी तो सिनेमा थांबवत थांबवत बघते आणि तिची वाक्यं वहीत मोठ्या अक्षरांत लिहून काढते. अर्धा सिनेमा झाला आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, नाशिक