कक्ष बंद करताना जाणारं काम

मा. संपादक,
स. न.

परीक्षा जवळ आल्या की महाविद्यालयांच्या संगणक कक्षांत प्रकल्प अहवाल आणि लघुप्रबंध टाइप करणाऱ्या मुलांची गर्दी होते. मी अशाच एका कक्षात प्रयोगशाळा सहायक आहे. टाइप केलेलं उडालं की मुलं अजूनही विजेला दोष देतात. पण आता बहुतेक कक्षांत यूपीएस आहे. मी पाहतो त्यात जास्त काम जातं ते संध्याकाळी कक्ष बंद करताना, लॉगआउट किंवा शटडाउनच्या वेळी. हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे, म्हणून हे पत्र.

लॉगआउट म्हटलं की विंडोज आधी उघड्या असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला विचारतं. वर्डमध्ये सेव्ह न केलेलं काही असेल तर ते अडून बसतं. काही सेकंदांनी पडद्यावर सूचना येते : अमुक प्रोग्राममुळे बंद होता येत नाही, रद्द करायचं की तरीही बंद करायचं? प्रश्न अगदी योग्य आहे, पण तो जिचं काम आहे तिला विचारलेला असतो. ती मुलगी शेवटची एसटी गाठायला निघून गेलेली असते आणि उत्तर देतो तो किल्ल्या घेऊन उभा असलेला शिपाई. त्याला सगळी यंत्रं बंद करून कुलूप लावायचं असतं. सूचना इंग्रजीत असते, तो 'तरीही'वर क्लिक करतो. मी त्याला दोष देणार नाही. विंडोज मराठीतही मिळतं. निदान सामायिक यंत्रांवर तरी ते मराठीत असावं, म्हणजे आपण कशाला हो म्हणतोय ते त्याला वाचता येईल.

याहून वाईट प्रकार आपोआप बंद होणाऱ्या यंत्रांचा. अनेक ठिकाणी टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे नेमून दिलेली कामं आपोआप करणाऱ्या विंडोजच्या सोयीत, ठरावीक वेळेला शटडाउनची आज्ञा लावून ठेवतात. त्यात साठ सेकंदांची मुदत घातली की आपण सवलत दिली, असं लावणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या आज्ञेत शून्याहून जास्त मुदत दिली की प्रोग्राम सक्तीने बंद करण्याचा पर्याय आपोआप लागू होतो. मिनिट संपल्यावर वर्डला अडून बसायची संधीच मिळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण ते वाचतो कोण?

'ऑटोरिकव्हरी आहे की' असं कोणी म्हणेल. म्हणजे सेव्ह न केलेल्या कामाची प्रत वर्ड आपोआप ठेवून घेतं ती सोय. पण ती मुळात दर 10 मिनिटांनी होते, म्हणजे शेवटची काही मिनिटं तरी गेलीच. शिवाय बऱ्याच कक्षांत यंत्र पुन्हा सुरू झालं की सी ड्राइव्ह मूळ स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. व्हायरसच्या दृष्टीने ते चांगलंच, पण ऑटोरिकव्हरीच्या फाइल त्याच ड्राइव्हवर असतात, त्यामुळे त्याही पुसल्या जातात. एवढंच काय, डेस्कटॉपवर नीट सेव्ह केलेली फाइलही सकाळी सापडत नाही. हे नव्या मुलांना कोणी सांगतच नाही. कक्षाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहायला काय हरकत आहे?

मुलांनी पहिली ओळ टाइप करण्याआधीच फाइलला नाव देऊन ती डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर सेव्ह करावी, ऑटोरिकव्हरीची वेळ दोन मिनिटांवर आणावी. थोडा वेळ उठायचं असेल तर विंडोजचं बटण आणि एल दाबून यंत्र लॉक करावं, त्याने काम उघडंच राहतं. पण लॉक करून घरी जाऊ नये. नंतर दुसऱ्याने ते यंत्र बंद करायला घेतलं की 'अजून कोणीतरी वापरत आहे, त्याचं काम जाऊ शकतं' अशी सूचना येते, आणि तिचं उत्तरही घाईत दिलं जातं.

मुलांना एवढं सांगून भागणार नाही. बंद करण्याची पद्धत ठरवते संस्था. बंद व्हायच्या अर्धा तास आधी तोंडी सूचना द्यावी, पडद्यावर सेव्हचा प्रश्न दिसला तर ते यंत्र रात्रभर चालू ठेवायची मुभा शिपायाला लेखी द्यावी. एका रात्रीच्या विजेपेक्षा लघुप्रबंधाचं एक प्रकरण नक्कीच महाग आहे. आणि परीक्षांचे अर्ज भरून झाले की प्राचार्यांनी आपल्या कक्षातलं टास्क शेड्युलर कोणाकडून तरी एकदा तपासून घ्यावं, ही विनंती.

– एक प्रयोगशाळा सहायक, कराड