एका मांडवातल्या दोन गाड्या

पोमोना, कॅलिफोर्निया
बुधवार, रात्री

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दुसरी गाडी तुमच्याच मालकाची, पण शर्यत तिच्याशीही असते. मग आपल्या गाडीची सगळी माहिती तुम्ही त्यांना कशी काय देता?" शेजारी जनरेटर चालू होता, मी काहीतरी दोन शब्द बोलले आणि फोन ठेवला. पण या आठवड्यात आमच्या मांडवाखाली जो तो त्याच गोष्टीचा विचार करतोय, म्हणून आज बसून लिहिते. आई, तू काळजीनं विचारलेलंही पुढे लिहिलंय, तेवढं वाचल्याशिवाय पत्र ठेवू नकोस.

आमचं ड्रॅग रेसिंग, म्हणजे सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्यांची शर्यत. सप्टेंबरच्या सुरुवातीला इंडियानापोलिसची यूएस नॅशनल्स ही शर्यत झाली की गुणांत पुढे असलेल्या गाड्यांचे गुण नव्यानं मांडतात, सगळ्यांना जवळ आणतात, आणि मग विजेतेपद ठरवणाऱ्या शेवटच्या सहा शर्यतींचं 'काउंटडाउन' सुरू होतं. रेडिंग, शार्लट, सेंट लुइस, डॅलस, लास वेगास आणि शेवटी हे पोमोना. आमची गाडी डॅलसला पहिल्याच फेरीत हरली आणि वेगासनंतर विजेतेपदाच्या हिशेबातून बाहेर पडली. दुसरी गाडी मात्र अजून आहे, गुणांत दुसरी. इथे शेवटच्या शर्यतीला गुण दीडपट असतात, एक फेरी जिंकली की २० ऐवजी ३०. त्यामुळे पहिल्या गाडीला गाठणं अवघड असलं तरी हाताबाहेरचं नाही.

म्हणजे यंदाचं आमचं जे काही आहे ते त्या दुसऱ्या गाडीत आहे.

मी क्लचवर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तिथे नेमकं काय करते ते कधी नीट सांगायचं राहिलंच. आमची गाडी टॉप फ्यूएल या सगळ्यात ताकदवान वर्गातली, तिला गिअर बदलायचे नसतात. ८.२ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन ११,००० हॉर्सपॉवरच्या वर ताकद काढतं आणि ती मागच्या चाकांना किती द्यायची, कधी द्यायची, हे क्लच ठरवतो. सगळी एकदम सोडली तर टायर जागच्या जागी फिरतात, नुसता धूर होतो आणि शर्यत तिथेच संपते. म्हणून क्लच सुरुवातीला घसरूच द्यायचा असतो. आत पाच-सहा प्लेटा, त्यांच्या मध्ये पोलादी चकत्या, आणि वजनं लावलेले लिव्हर. इंजिन जसं जोरात फिरतं तशी ती वजनं बाहेर फेकली जातात आणि प्लेटांवर दाब वाढतो. हा दाब कुठल्या क्षणी किती येऊ द्यायचा ते हवेवर चालणाऱ्या टायमरवर आधी लावून ठेवायचं. गाडी सुटल्यावर कॉम्प्युटरनं त्यात हात घालायला नियमानं बंदी आहे. कॉम्प्युटर फक्त नोंद ठेवतो. जे काही शहाणपण आहे ते गाडी सुटायच्या आधी माणसांनी दाखवायचं.

रन हजार फुटांचा, म्हणजे ३०५ मीटर. ३.७ सेकंदांच्या आसपास संपतो आणि तेव्हा वेग ताशी ५३० किलोमीटरच्या घरात असतो. प्लेटा त्या तीन-चार सेकंदांत इतक्या तापतात की कधी कधी एकमेकींना चिकटून बसतात. मी तो संच उघडते, प्रत्येक प्लेट इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजते, कुठे किती झिजली ते आमच्या क्रू चीफना, म्हणजे गाडी कशी लावायची ते ठरवणाऱ्यांना, सांगते. पुढच्या फेरीला लिव्हरवर किती वजन ठेवायचं हे त्या झिजेवरून ठरतं. काळी धूळ मास्क लावूनही नाकात जाते.

बाबा, इंधनाचं ऐकून तुम्हाला मजा वाटेल. ९० टक्के नायट्रोमिथेन, उरलेलं मिथेनॉल. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते. नायट्रोमिथेन आपला ऑक्सिजन बरोबर घेऊन येतं, त्याला १.७ किलो पुरते. म्हणून तेवढ्याच हवेत आठपटीहून जास्त इंधन घालता येतं. बर्नआउटपासून, म्हणजे सुटायच्या आधी टायर फिरवून तापवतात तिथपासून, धरलं तर एका रनला ५० लिटरच्या आसपास जातं. सिलिंडरला दोन-दोन प्लग असतात, पण निम्म्या पट्टीपर्यंत त्यांची टोकं जळून जातात आणि पुढे इंजिन डिझेलसारखं स्वतःच्या उष्णतेवर पेटत राहतं. स्विच बंद करून ते थांबत नाही, इंधनच तोडावं लागतं. सुटल्यापासून शेवटपर्यंत क्रँक जेमतेम ५०० फेरे घेतो, आणि तेवढ्यावर इंजिन खोलून पाहावं लागतं. दोन फेऱ्यांच्या मधे तासाभराहून थोडा जास्त वेळ मिळतो. त्यात हेड उतरतात, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड बाहेर येतात, बेअरिंग बदलतात, नवा क्लच बसतो, पॅराशूटच्या घड्या होतात, आणि पट्टीवर न्यायच्या आधी इंजिन इथेच एकदा सुरू करून बघतात. दहाएक माणसं, कोणी कोणाला हाक मारत नाही, ज्याचा हात जिथे पाहिजे तिथे असतो. खालचं इंजिन बघणारा मुलगा बेअरिंगची प्रत्येक वाटी उजेडाकडे धरून बघतो, नख फिरवतो आणि इंजिनाला कुठे जास्त सोसावं लागलं ते सांगतो. उद्यमनगरात तुम्ही ते करायचात तेव्हा मी शाळेच्या दप्तरासकट शेजारी उभी असायचे. त्याला मी सांगितलंय की हे माझ्या वडिलांचंही काम आहे.

आता तुमचा प्रश्न. शुक्रवारी-शनिवारी पात्रता फेऱ्या असतात. दोन्ही गाड्या एकाच वेळी धावत नाहीत. जी आधी धावते तिला पट्टीची खरी हालत कळते: पहिल्या साठ फुटांत टायर कसा धरतो, डावी लेन बरी की उजवी, ऊन उतरल्यावर डांबर किती थंड झालं. दुसऱ्या गाडीचे चीफ त्या रनचा कॉम्प्युटरमधला आलेख बघून आपला क्लच थोडा सैल करतात किंवा अजून वजन चढवतात. पुढच्या फेरीत त्यांची माहिती आमच्याकडे येते. एकट्या गाडीला जे चार रनमधून शिकायला मिळतं ते आम्हाला आठमधून मिळतं. नोव्हेंबरात पोमोनाची हवा संध्याकाळी थंड आणि जड होते, इंजिनाला ताकद चढते, आणि अशा वेळी ही माहिती नसेल तर टायर फिरलेच म्हणून समजा. गुपित ठेवून दोघांचंही नुकसान आहे.

पण तुमच्या मनातला खरा प्रश्न पुढचा आहे, मला कळतो. रविवारी समोरासमोर आलात तर?

कोल्हापुरात एका तालमीतले दोन मल्ल रोज एकाच मातीत लढतात, डाव एकमेकांवरच पक्के करतात, पण खासबागेच्या कुस्ती मैदानात त्यांची जोड सहसा कोणी लावत नाही. इथे जोड लावणारा वस्ताद नाही. पात्रतेत १६ गाड्या निवडल्या जातात आणि वेळेवरून जोड्या पडतात, पहिली सोळाव्याशी, दुसरी पंधराव्याशी, अशा. आम्ही सातवे आलो आणि ते दहावे, तर पहिल्याच फेरीत ते आणि आम्ही. आणि त्यांना विजेतेपद हवंय म्हणून आमच्या गाडीनं पाय मागे घ्यायचा, असं होणार नाही. आमच्या चीफनी सोमवारीच सगळ्यांना उभं करून हे सांगितलं. मला ते फार बरं वाटलं. तिकीट काढून आलेल्या माणसाला खोटी शर्यत दाखवायची नाही, आणि तिकडच्या ड्रायव्हरला खोटी फेरी जिंकल्याचा डाग द्यायचा नाही. आम्ही त्यांच्या कामी येऊ शकतो ते एकाच रीतीनं: गुणांत पहिली असलेली गाडी आमच्यासमोर आली तर तिला हरवून. त्यासाठी मी या आठवड्यात जेवढ्या बारकाईनं प्लेटा निवडल्या तेवढ्या वर्षभरात निवडल्या नव्हत्या.

त्या दुसऱ्या गाडीच्या क्लचवर जे गृहस्थ आहेत त्यांच्याबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. प्लेटा घासायचं मशीन आमच्या दोघांत एकच आहे. मी नवी आले तेव्हा प्लेटेचा रंग बघून ती किती तापली हे ओळखायला त्यांनी शिकवलं. निळसर झाक कुठे चालते आणि कुठे नाही, हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. वीस वर्षांहून जास्त काळ ते या धंद्यात आहेत, आणि विजेतेपदाच्या गाडीवर त्यांचा हात अजून एकदाही लागलेला नाही.

काल रात्री उशिरापर्यंत काम चाललं होतं तेव्हा त्यांनी २००६ ची गोष्ट सांगितली. इथेच, पोमोनालाच. तेव्हा शर्यत पाव मैलाची होती. डग कलिटा विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होते. टोनी शुमाकरना ते हिसकावून घ्यायचं तर शेवटची फेरी जिंकायला हवी होती, आणि त्याच रनमध्ये राष्ट्रीय विक्रमही करायला हवा होता, कारण विक्रमाचे २० गुण मिळत. शुमाकरांचे क्रू चीफ होते ॲलन जॉन्सन. गाडी सुटली, ४.४२८ सेकंद. विक्रम झाला, फेरीही जिंकली, आणि कलिटांचं विजेतेपद १४ गुणांनी गेलं. इथली माणसं त्या रनला नुसतं 'द रन' म्हणतात, दुसरं काही सांगावं लागत नाही. मला त्यापेक्षा पुढचा भाग जास्त लागला. कलिटा दर वर्षी येत राहिले. २०२३ मध्ये, याच पट्टीवर, शेवटच्या फेरीत लिआ प्रुएटना हरवून त्यांनी पहिलं विजेतेपद घेतलं. तेव्हा ते ५९ वर्षांचे होते. हे सांगताना आमच्या गृहस्थांचे हात मशीनवर चालूच होते, मान वर केली नाही. ते स्वतःबद्दल काही बोलले नाहीत. पण रविवारी ती गाडी जिंकावी असं मला का वाटतं, हे तुम्हाला आता कळलं असेल. आणि ती आमच्यासमोर आली तर माझा क्लच मी तिला हरवायलाच बांधीन. त्यांनीच शिकवलंय, त्यात कमी करून चालणार नाही.

आई, आता तुझं. तू कुठला तरी अपघाताचा व्हिडिओ पाहिलास. धोका नाही असं मी तुला लिहिणार नाही. २००८ च्या जूनमध्ये इंग्लिशटाउनला स्कॉट कलिटा गेले, डग यांचे चुलतभाऊ. त्यानंतर या गाड्यांची शर्यत पाव मैलावरून हजार फुटांवर आणली, म्हणजे थांबायला जागा जास्त मिळावी. तेव्हापासून ती तशीच आहे. मी गाडीत बसत नाही. गाडी सुटते तेव्हा मी तिच्या मागे उभी असते, कानात बोळे आणि वर मफ. आवाज कानापेक्षा छातीत जास्त लागतो आणि नायट्रोच्या वासानं डोळ्यांना पाणी येतं, पण ते तेवढ्यापुरतं. इंजिनाखाली फुटलेले तुकडे अडवणारं जाड आवरण असतं, इंजिनात हवा कोंबणाऱ्या ब्लोअरला पट्टे बांधलेले असतात, आणि इंजिन उघडताना कुठला तुकडा कोणी कधी धरायचा याची शिस्त कडक आहे.

तू असंही विचारलंस की एवढ्या पुरुषांत बायका असतात का. शर्ली मल्डाउनी यांनी टॉप फ्यूएलचं विजेतेपद १९७७ साली मिळवलं, मग १९८० आणि १९८२ मध्येही. ब्रिटनी फोर्स २०१७ आणि २०२२ ची विजेती. पिटमध्ये पाना धरणाऱ्या मुली दर हंगामात वाढताहेत. मला इथे कोणी पाहुणी समजत नाही.

तुझी कांदा-लसूण चटणी आमच्या मांडवात सकाळच्या अंड्यांवर पडते. ओहायोचा एक मुलगा आहे, शेतकऱ्याच्या घरचा, टायर बघतो. त्यानं निम्मी बाटली संपवली आहे. पुढच्या वेळी दोन बाटल्या भर.

रविवारच्या फेऱ्या इथे सकाळी उशिरा सुरू होतील, म्हणजे तुमच्याकडे मध्यरात्र उलटून सोमवार लागलेला असेल, आणि शेवटची फेरी पहाटेच. बाबा, जागरण करू नका. दादाला सांगितलंय, तो सकाळी निकाल सांगेल. बघायचंच असेल तर पहाटे उठून शेवटची फेरी तेवढी बघा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी घरी येते, तिकीट काढलंय. मार्चमध्ये फ्लोरिडात गेन्सव्हिलला नवा हंगाम सुरू होतो, त्याच्या आधी परत यावं लागेल, पण मधे बरेच दिवस हातात आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख माझ्यासाठी पुढे ढकलू नका. डॉक्टर म्हणतील तेव्हा करून घ्या, दादा आहे. ऑपरेशननंतरचे थेंब मात्र वेळच्या वेळी घाला, आणि उद्यमनगरात चक्कर मारायची घाई नको, तिथली धूळ डोळ्याला चालणार नाही. साखर तपासायला या आठवड्यात जाणार होतात, गेलात का? शुक्रवारी सकाळी मी फोन करीन तेव्हा आकडा सांगा.

तुमची,
धाकटी