परशाला पत्र: पाइपातला गॅस रॉकेटात

खानापूर

प्रिय परशा,

दाभोळहून बंगळुरूला जाणारी गेल या सरकारी गॅस कंपनीची पाइपलाइन आपल्या जिल्ह्यातूनच जाते, मग तोच गॅस थंड करून पोरांच्या रॉकेट-इंजिनात का घालू नये, असं तू विचारलंस. घाला की, पेटेल. पण इंजिन टिकणार नाही.

नैसर्गिक वायू म्हणजे नुसता मिथेन नव्हे. त्यात इथेन, प्रोपेन, नायट्रोजन असतात, शिवाय घराघरात देताना गळती कळावी म्हणून गंधकयुक्त मरकॅप्टन मिसळतात. हा गंधकच खरा वैरी. इंधन जिथे जळतं त्या चेंबरची आतली भिंत तांब्याच्या मिश्रधातूची आणि तिच्यात थंडाव्यासाठी इंधनच खेळवणाऱ्या मिलिमीटरभर रुंदीच्या खाचा. तापलेल्या तांब्यावर गंधक आला की कॉपर सल्फाइड धरतं, खाच खडबडीत होऊन अरुंद होते, प्रवाह घटतो आणि नेमकी तिथेच भिंत जळते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात कितीही सफाईनं मिलिंग करून घेतलंस तरी यातून सुटका नाही.

इथेनचं दुखणं निराळं. मिथेन पेटायला हट्टी. त्याचा कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३९ किलोजूल लागतात, इथेनचा कार्बन-कार्बन बंध ३७७ च्या आसपास तुटतो. म्हणजे थोडा इथेन असला तर पेट लवकर घेतो, हे बरंच. पण टाकीत उभ्या एलएनजीतून, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूतून, नायट्रोजन आणि मिथेन आधी उडतात, इथेन मागे राहतो. सकाळी भरलेलं आणि संध्याकाळी उरलेलं इंधन एकच नसतं. किलोभर मिथेन पुरता जळायला ४ किलो ऑक्सिजन लागतो, इथेनला ३.७३. घनताही बदलते, त्यामुळे ऑक्सिजन आणि इंधनाचं बसवलेलं प्रमाण सरकतं.

प्रमाण मुळातच ४ ठेवू नका. ३.५ च्या आसपास ठेवा: ज्वाळा थोडी कमी तापते आणि धुरातले रेणू हलके राहिल्याने थ्रस्ट वाया जात नाही. द्रव मिथेनची घनता घनमीटरला ४२२ किलो, द्रव ऑक्सिजनची ११४१, म्हणून आकारमानात ऑक्सिजनची आणि मिथेनची टाकी जवळपास १.३ ला १ बसतात.

आता पेटवणं. हे दोन्ही द्रव आपोआप पेटत नाहीत. आधी सुक्या नायट्रोजननं लाइनी झाडून काढा; पावसाळ्यात आपल्याकडची ओली हवा आत राहिली तर व्हॉल्व्हच्या सीटवर बर्फ धरतो आणि व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. मग स्पार्कवाला छोटा इग्नायटर पेटवा, त्याचा दाब चढलेला सेन्सरवर दिसला तरच मुख्य व्हॉल्व्ह उघडा. दाब नाही दिसला तर सगळं बंद आणि परत नायट्रोजन. न पेटलेलं मिश्रण चेंबरमध्ये साठून उशिरा पेटलं, तर दाब एकदम उसळतो आणि चेंबर फाटतो.

टाकीचं एक लक्षात ठेव. मिथेन -१८२.५ अंशाला गोठतो आणि ऑक्सिजन -१८३ ला उकळतो. दोन्ही टाक्यांत एकच भिंत ठेवलीत तर तिला लागून मिथेनचे गोळे होणार. त्याहून वाईट म्हणजे हे दोन्ही द्रव एकमेकांत पूर्ण मिसळतात आणि ते मिश्रण नुसत्या धक्क्यानंही फुटू शकतं. गळतीचे दोन थेंब एका ट्रेमध्ये येता कामा नयेत.

थंडाव्याच्या खाचांत दाब ४६ बारच्या बराच वर ठेवा. त्याखाली मिथेन भिंतीशी उकळून वाफेचा थर धरतो, आणि वाफ उष्णता नेत नाही. केरोसिनसारखा कोळसा मात्र तो सहज धरत नाही, म्हणून तर एवढी धडपड. चीनचं झुछ्वे-२ हे १२ जुलै २०२३ रोजी कक्षेत पोचलेलं पहिलं मिथेन रॉकेट. ब्लू ओरिजिन या अमेरिकी कंपनीचं बीई-४ इंजिन तर एलएनजीवरच चालतं, पण ते इंधन शुद्ध करून घेतलेलं असतं.

पोरांना सध्या द्रव नकोच. सिलिंडरमधला शुद्धतेचा दाखला असलेला वायुरूप मिथेन घ्या, ऑक्सिजनही वायुरूप, जाड तांब्याचा चेंबर आणि दोन-तीन सेकंदांची जळण, माणसं भिंतीआड. ऑक्सिजनच्या बाजूच्या प्रत्येक फिटिंगवरचं तेल-ग्रीस आधी धुऊन काढ. चेंबरमध्ये दोन्ही वायू सोडणाऱ्या इंजेक्टरचं ड्रॉइंग भोकांच्या मापांसकट पाठव, मग प्रवाहाचा हिशेब करून कळवतो.

तुझा,
मारुती