बाजार मोकळा केला, पण आम्ही बसायचं कुठं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी आंबेगाव तालुक्यातला भाजी करणारा शेतकरी, गेली सहा वर्षं दर रविवारी पुण्यात शेतकरी आठवडे बाजारात बसतो, त्यामुळे जे लिहितोय ते सगळं अनुभवाचं आहे.

जुलै २०१६ मध्ये सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. त्याच वर्षी राज्याच्या कृषी पणन मंडळाचं संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झालं. आम्हाला खरंच आनंद झाला होता, कारण माल आपला, भाव आपला, आणि गिऱ्हाईक समोर उभं, मधे आडत नाही की दलाल नाही. पण माल कुठंही विका म्हणणं वेगळं आणि विकायला हक्काची जागा देणं वेगळं, आणि जागेचंच घोडं अडलंय.

दिवाळीच्या आधीच्या रविवारची गोष्ट सांगतो. रात्री दीडला टेम्पो भरला, चारशे जुड्या मेथी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली, सहाला मैदानावर मांडली. सातला मैदानवाल्यांचा माणूस आला, म्हणाला आज मैदान कार्यक्रमाला दिलंय, उचला. बाजार भरवणाऱ्या संयोजक मुलाने परवानगीचा कागद दाखवला, तर म्हणे ही तात्पुरती आहे, कधीही रद्द होते. रस्त्याच्या कडेला बसलो तर अतिक्रमणची गाडी येणार, म्हणून टेम्पोतच ठेवली. अकरापर्यंत खालच्या जुड्यांची पानं गरम लागायला लागली, हात घातला की वाफ. शेवटी एका व्यापाऱ्याला मागेल त्या भावात दिली, डिझेलही सुटलं नाही.

आता लोक म्हणतात फेरीवाल्याचं प्रमाणपत्र काढा. काढलं असतं हो, पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात प्रमाणपत्रासाठी लिहून द्यावं लागतं की मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही. माझ्या नावावर सातबारा आहे, मी असं खोटं कसं लिहून देऊ? म्हणजे बाजार समितीतून आम्ही बाहेर, पथविक्रेत्यांत आम्ही बसत नाही, मग उरते ती फक्त मैदानाची तात्पुरती परवानगी, आणि तीही कुणाच्या तरी मर्जीवर. फेरीवाल्यांचा हक्क काढून आम्हाला द्या असं अजिबात म्हणत नाही, त्यांचं पोट त्यावरच आहे. आठवड्यातून एक सकाळ येणाऱ्या शेतकऱ्यासाठी वेगळी तरतूद करा एवढंच म्हणतोय.

बाकीच्या नियमांना माझा विरोध नाही. सातबारा तपासलाच पाहिजे, नाहीतर मंडईतून माल उचलून शेतकरी म्हणून बसणारे आहेतच, आणि त्यांच्यामुळे आमचं नाव खराब होतं. फक्त तपासणाऱ्याला शेती कळायला हवी. मला एकदा विचारलं, सातबाऱ्यावर ऊस आहे मग मेथी कुठून आणली? अहो नवीन लागणीच्या उसात सरीच्या वरंब्यावर मेथी, कोथिंबीर टाकतातच, ऊस मोठा व्हायच्या आत निघून पण जाते. मोबाईलवर ई-पीक पाहणीत मिश्र पीक म्हणून नोंद करता येते हे तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं, आता मी दरवेळी आठवणीने करतो.

काट्याचंही तसंच. इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग, म्हणजे तपासून शिक्का मारून घेणं, दर वर्षी, दांडीच्या काट्याचं आणि लोखंडी वजनांचं दोन वर्षांनी, हे बरोबरच आहे, गिऱ्हाइकाचं वजन चोख हवंच. पण त्यासाठी कामाचा दिवस मोडून तालुक्याला जावं लागतं. वर्षातून एका रविवारी बाजारातच शिक्का मारायचा कॅम्प ठेवला तर आम्ही पन्नास जण एका सकाळी मोकळे होऊ. आणि अन्न परवान्याच्या नावाखाली नव्या पोरांना कुणीही घाबरवतं, खरं तर शेतकऱ्याने स्वतः पिकवलेल्या ताज्या भाजीला अन्नसुरक्षा कायदा लागू होत नाही, कायद्याच्या कलम १८ मध्येच तसं लिहिलंय. लोणची, पापड, पीठ विकायचं तर मात्र नोंदणी लागते, आमच्या बचत गटाच्या बायकांनी ती रीतसर काढलीय. हे सगळं साध्या मराठीत एका बोर्डावर लिहून प्रत्येक बाजाराच्या गेटला लावायला काय हरकत आहे?

संयोजकांचा तर कुणी विचारच करत नाही. झाडलोट, पाणी, मोबाईल टॉयलेट, पार्किंगवरून सोसायटीवाल्यांची भांडणं, सगळं त्या मुलाच्या अंगावर, आणि मैदान पुढच्या महिन्यात असेल की नाही हेच त्याला माहीत नाही, मग तो पत्र्याची शेड टाकायला पैसे कुठल्या भरवशावर घालणार?

माझी विनंती एवढीच, शहराच्या विकास आराखड्यात जशी मंडईला जागा ठेवतात तशी आठवडे बाजाराला ठेवा, आणि तोपर्यंत परवानगी निदान तीन वर्षांची द्या, मधे जागा लागलीच तर आठ दिवस आधी लेखी कळवा. मेथी शेतात आठ दिवस थांबते, टेम्पोत आठ तास थांबत नाही.

आमच्या मैदानाची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. संयोजकाने नवा अर्ज दिलाय, पोच घेतलीय, उत्तर अजून आलेलं नाही.

आपला,
एक भाजीउत्पादक शेतकरी, ता. आंबेगाव, जि. पुणे